'एससीचीं भुरगीं उबीं रावात': शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य, पर्वरी

स. न. वि. वि.

माझी मुलगी नववीत आहे. मंगळवारी वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज वाटले. बाई म्हणाल्या, "एससीचीं भुरगीं उबीं रावात." तिघे उभे राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, "तुका फुकट पयशे मेळटात न्ही गो?" बुधवारपासून माझ्या मुलीच्या पोटात दुखते. शाळेची वेळ टळली की थांबते.

गेल्या वर्षी थोरल्याच्या वर्गातही हेच झाले. तेव्हा मी तक्रार घेऊन गेलो. साहेबांनी चहा पाजला, 'यापुढे पालकांना बोलावून अर्ज देऊ' असा शब्द दिला. चहा चांगला होता, खोटे कशाला बोलू.

मी रंगकाम करतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते यापायी तीन दिवसांची मजुरी बुडाली. थोरल्याचे पैसे अजून यायचेच आहेत. खिडकीवरचा माणूस जात मोठ्याने वाचतो आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघतो. असे बघणे माझ्या बापालाही ठाऊक होते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावात मराठी शाळा आली म्हणून तो चार बुके शिकला. दाराशी बसून, वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेऊन. आज कुणी पाणी ओतत नाही. आज यादी वाचतात. भेदभाव मिटवायची योजना आहे म्हणे ही!

आणि मिटवणार कोण? पटसंख्या नाही म्हणून सरकारी मराठी शाळांना टाळे लावायचे, आणि 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायला मात्र तिजोरी उघडी. त्याच 2011 च्या जनगणनेत आम्ही गोव्यात पावणेदोन टक्के, 25 हजारांच्या घरात. एका मतदारसंघाची यादीसुद्धा भरणार नाही. विधानसभेच्या चाळीसात आमच्यासाठी राखीव जागा एकच, पेडण्याची. उरलेल्या 39 जणांना आमचे काय पडले आहे? गावडा, कुणबी, वेळीप 2003 मध्ये अनुसूचित जमातीत आले, त्यांच्या विधानसभेतल्या जागांचा कायदा संसदेत व्हायला 2025 उजाडले. मग माझ्या पोरीचा अर्ज कुठल्या रांगेत?

मागणे एवढेच आहे की अर्ज बंद पाकिटात द्या. पाकिटांना निधी नसेल तर मी आणून देतो, तिघांची तीन.

सोमवारी तिला शाळेत पाठवायचे आहे. त्याआधी बाईंपर्यंत परिपत्रक पोचेल का, तेवढे कळवावे.

आपला,
एक पालक, डिचोली तालुका