बंड्या, गिझर काढला

महाल, नागपूर
१२ जानेवारी

प्रिय बंड्या,

दिवाळीला तुझा मेसेज आला, मग दोनदा फोन आला, आणि मी गप्प राहिलो. कारण काहीच नव्हतं, राहून गेलं. माफ कर. आता मात्र जे झालं ते तुलाच सांगता येईल. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर काठावर. बाबांचं खाली येतं.

आपला मोरीतला गॅसचा गिझर डिसेंबरात रुसला. नळ सोडला तरी आवाजच नाही. दोन्ही मोठे सेल बदलले, तेव्हा टक टक सुरू झालं, पण अंगणातला नळ कुणी उघडला की पुन्हा शांत. म्हणजे पाण्याचा जोर कमी. आपली टाकी किती बुटकी, तुला सांगायला नको, तिच्यावरूनच उडी मारून तू हात मोडून घेतला होता. जोराने पाणी आलं तरच आतलं रबर दबतं आणि स्विच लागतो. पाणी आत येतं तिथली जाळी काढली तर बोअरच्या क्षाराने पांढरीफटक. रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवली. सकाळी ज्योत धरली, आणि पाच सेकंदांत विझली. पुन्हा धरली, पुन्हा विझली.

तेव्हा तुझी फर्नेस आठवली, घर गरम ठेवणारी ती गॅसची भट्टी. मिनियापोलिसचं तळघर, बाहेर उणे वीस, आणि ती म्हातारी पेटायची, विझायची, तीनदा करून स्वतःच बंद होऊन बसायची. तू ज्योतीतली दांडी घासली आणि रात्री दोनला मला फोन केला होता, पोरगा झाल्यासारखा! ज्योत दांडीला भिडली की तिच्यातून अगदी बारीक करंट जातो, तो मिळाला तरच सर्किट गॅस चालू ठेवतं. दांडीवर थर बसला की समोर आग असून त्याला कळत नाही. आमच्याही गिझरात तशीच दांडी निघाली, काळीकुट्ट. बारीक पॉलिश पेपर फिरवला. पहिल्या झटक्यात पेटला.

बाबांना म्हटलं, घ्या, झाला. दांडीवर काजळी आली कुठून, हे मी स्वतःला विचारलं नाही. ज्योत निळी हवी, ती शेंड्याकडे पिवळी होती. बंड्या, मी ती पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज, मग बादली पडल्याचा. दार वाजवलं तर म्हणाले, "थांब, उघडतो," आणि उघडेचनात. कडी शेवटी त्यांनीच काढली आणि उंबऱ्यावर बसले. डोकं ठणकत होतं, उलटीची भावना, पायांत जीव नाही. गॅस बंद केला, त्यांना उचलून अंगणात आणलं, तिथून रिक्षाने दवाखान्यात. ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत चहा मागू लागले, तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो.

डॉक्टरांनी समजावलं. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळला तर कळतो. पण हवा कमी पडून आग अर्धवट जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तात तो ऑक्सिजनच्या जागी ठाण मांडतो. घरी येऊन पाहिलं तर गिझरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी गच्च, आणि मोरीच्या झरोक्यात पोतं. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता ना, तेव्हापासून आई दर थंडीत ते पोतं कोंबते. बाबांना गारठा लागू नये म्हणून. तिला मी काहीच बोललो नाही, तूही फोनवर बोलू नको.

आणि तू तर बसवतानाच सांगितलं होतं, गिझर बाहेरच्या भिंतीवर लावा, आत फक्त पाइप आणा. बाबा म्हणाले, "कालचं पोट्टं मले शिकवून राहिलं काय!" मी त्यांची बाजू घेतली. तर्री पोह्यांची प्लेट अर्धी टाकून तू उठून गेला, आणि दीड महिना आपण बोललो नाही. तेव्हा मला पाइपचे पैसे वाचवायचे होते, बंड्या. एवढंच कारण होतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

काल बाबांनी स्वतः विचारलं, "बंड्याले सांगितलं का बे?" मी नाही म्हटलं. तर म्हणाले, "सांग. तो गिझरच्याच भांडणापायी अमेरिकेला गेला." आणि हसले. किती दिवसांनी!

वहिनींची परीक्षा झाली का? लेकीला थंडीचा खोकला होता, गेला असेल. तळघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे ना? त्याचा सेल आज तपास, उद्या नको.

गिझर सध्या अंगणात पेरूखाली पडला आहे, आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. जुना मी परत लावणार नाही, नवा घेतो. रविवारी मिस्त्री भिंतीला भोक पाडायला येतो. मागची भिंत मोरीला जवळ, पण तिथे वारा थेट येतो, ज्योत विझत राहील का? की विहिरीकडची बाजू घेऊ? तिथून पाइप चौदा फूट जाईल, पाणी वाटेतच निवेल. बाबा म्हणतात, तू सांगशील तिथे. रविवारच्या आत फोन कर, या वेळी उचलतो.

तुझा,
पिंट्या