राउटर बदलायला आलेल्या तुम्हाला, आईच्या आणि माझ्या वतीने

नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही आमचा राउटर बदलायला आला होतात. काम झालं, सहीसाठी फोन पुढे केलात, बॅग उचललीत आणि दाराकडे जाता जाता आईच्या टेबलापाशी थांबलात. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते तुमच्या कामाच्या यादीत नव्हतं, त्याची नोंदही कुठे झाली नसणार. म्हणून ती मी इथे करते आहे.

माझी आई मुद्रितशोधक आहे. लोक ‘होती’ म्हणतात, ती लगेच दुरुस्त करते. इतरांच्या पुस्तकांतले चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेले अनुस्वार, ओळीच्या शेवटी भलत्याच जागी तुटलेले शब्द शोधण्यात तिचं आयुष्य गेलं. कंपवाताचं निदान झालं तेव्हा तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो कामाबद्दल. पुढे पेनने लिहिलेलं तिचं अक्षर बारीक होत गेलं, इतकं की तिचं तिलाच लागेना. या आजारात तसं होतंच. मग ती लॅपटॉपवर आली, जिद्दीने टायपिंग शिकली, माऊसही हाताखाली बसवला. सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच कर्सर उड्या मारायला लागला.

मराठी टाइप करताना कर्सर उडतो म्हणजे काय होतं, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. शब्दाची वेलांटी टाइप करावी आणि ती तीन ओळी वर जाऊन दुसऱ्याच शब्दाला चिकटावी. ‘घर’चं ‘घरी’ होतं, ‘मन’चं ‘मनी’. दोन्ही धड शब्द, त्यामुळे शब्दतपासणीलाही त्यात वावगं दिसत नाही. मात्रा मोकळ्या जागेत पडली तर निदान ते ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि चूक डोळ्यांत भरते. शब्दाला चिकटली तर ती लपून बसते. कधी अख्खा परिच्छेद आपोआप निवडला जायचा आणि पुढचं बटण दाबताच नाहीसा व्हायचा. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तिच्या हातून तपासलेल्या मजकुरात नव्या चुका शिरायला लागल्या. आईने ते काम परत पाठवायचं ठरवलं होतं. “मी मजकूर नासवते आहे,” असं ती म्हणाली, आणि त्या वाक्याने मला जे झालं ते अजून गेलेलं नाही.

तुमच्या आधी बरेच जण येऊन गेले होते. एकाने सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून दिलं. कर्सर तसाच उडत राहिला आणि आईने बसवून घेतलेला मराठी कीबोर्डही गेला, तो पुन्हा बसवावा लागला. दुसऱ्याने टचपॅडवर, म्हणजे कीबोर्डखालच्या बोटाने कर्सर हलवायच्या चौकोनावर, पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला, तो सरकून स्पेसबारखाली अडकायचा. एकाने नवीन लॅपटॉप घ्या म्हणून सांगितलं. आणि एक जण आई समोर बसलेली असताना माझ्याकडे बघून म्हणाला, “हात थरथरतात ना त्यांचे, त्याला आता काय करणार? टॅब देऊन टाका, गाणी वगैरे ऐकतील.” आईला सगळं ऐकू येतं. तिला ऐकू येत नाही असं कुणीही म्हटलेलं नव्हतं.

टचपॅड बंद करता येतो हे त्या प्रत्येकाला ठाऊक असणारच. आमच्यासारख्यांना ठाऊक नसतं, त्यांना असतं, म्हणून तर आपण त्यांना बोलावतो. पण त्यांच्यातल्या एकानेही आई टाइप कशी करते ते पाहिलं नाही. थरथरणारे हात दिसले आणि त्यांचं निदान तिथेच झालं.

तुम्ही पाहिलंत. मला तुमचे आभार मानायचेत ते मुख्यतः एवढ्यासाठीच.

तुम्ही बॅग खाली ठेवलीत आणि मला नाही, आईला विचारलंत, “काकू, मी बघू का जरा? तुम्ही करत होतात तेच करत राहा.” मग खुर्ची न घेता तुम्ही टेबलाच्या कडेला खाली बसलात. तिच्या डोक्यावर उभे राहिला नाहीत, स्क्रीनमध्ये डोकावला नाहीत, ‘हं, करा’ म्हणून घाई केली नाहीत. कंपवाताच्या माणसाला कुणी निरखत उभं राहिलं, घाई केली, की कंप वाढतो. आधीचे सगळे उभे राहून बघत होते आणि आईचे हात दर वेळी आणखी थरथरत होते. तुमच्यासमोर ती काही ओळी टाइप करेपर्यंत तिचा श्वासही संथ झाला होता. मी तिथेच होते, मला तो फरक दिसत होता.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. “काकू, टाइप करताना काही होत नाहीये. तुम्ही थांबून पानाकडे बघता तेव्हा होतंय. थांबलात की अंगठा कुठे असतो तुमचा?”

आईने खाली बघितलं. अंगठा स्पेसबारच्या खाली, टचपॅडच्या वरच्या कडेवर टेकलेला होता आणि तिथे हलत होता.

या आजारातला कंप बहुधा हात विसावलेला असताना जास्त असतो, सेकंदाला चार ते सहा वेळा. हात काही करायला उचलला की तो कमी होतो. डॉक्टरांनी आम्हाला हे सांगितलं होतं, पण लॅपटॉपशी त्याचा संबंध तुम्ही लावलात. तुम्ही गेल्यावर मी वाचत बसले तेव्हा सगळं जुळत गेलं. टचपॅडला दाब लागत नाही. त्वचा टेकली की तिथल्या विद्युतक्षेत्रात बदल होतो आणि तेवढा त्याला पुरतो. तळहाताचा मोठा स्पर्श तो ओळखून सोडून देतो, पण अंगठ्याचं टोक त्याला बोटासारखंच वाटतं. टायपिंग चालू असताना टचपॅडने क्षणभर गप्प राहावं अशी सोयही असते, पण ती बटणं दाबली जात असतात तोवरच. आई मुद्रितशोधक. ती एक ओळ लिहिते आणि थांबून मूळ पानाशी ताडून पाहते. नेमकं तेव्हाच ते संरक्षण संपायचं, तेव्हाच हात विसावायचा, आणि विसावला की कंप सुरू व्हायचा. तिच्या कामाची शिस्तच तिच्या आड येत होती.

ही जागा टचपॅडला कशी मिळाली तेही वाचलं. 1991 साली ॲपलने पॉवरबुक या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड मागे सरकवून पुढे तळहात टेकायला जागा केली आणि मधोमध ट्रॅकबॉल, म्हणजे कर्सर हलवायला बोटाने फिरवायचा गोळा, बसवला. 1994 साली त्या जागी टचपॅड आला. तेव्हापासून बहुतेक लॅपटॉप तसेच बनतात. हात टेकायची जागा आणि स्पर्श टिपायची जागा शेजारी-शेजारी आहे, आणि ज्यांचा टेकलेला हात स्थिर राहत नाही त्यांचा विचार त्या आखणीत फारसा दिसत नाही. मला त्याचा राग येतो. तो तुमच्यावर काढत नाही, पण लिहून ठेवते.

बंद करण्याचं काम तर एका मिनिटाचंही नव्हतं. त्याआधी तुम्ही लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डोळे कडेच्या पातळीला आणून टचपॅड वर उचलला गेलाय का ते पाहिलंत. बॅटरी फुगली तर ती खालून टचपॅडला ढकलते आणि क्लिक आपोआप व्हायला लागतात, तसं असेल तर लॅपटॉप वापरायचा नाही आणि चार्जिंगलाही लावायचा नाही, हे तुम्ही आम्हाला समजावलंत. तसं नव्हतं. मग तुम्ही पुन्हा आईलाच विचारलंत: टचपॅड कायमचा बंद हवा, की माऊस जोडलेला असेल तोवरच? दोन्हींतला फरक सांगितलात आणि ती ठरवेपर्यंत थांबलात. तिने दुसरा पर्याय निवडला. मी कदाचित पहिला निवडला असता, पण लॅपटॉप तिचा आहे. सेटिंगसुद्धा तुम्ही तिच्याकडूनच बदलून घेतलंत, फक्त कीबोर्डवरून, म्हणजे उद्या माऊस नसला तरी तिला तिथे पोचता यावं. माऊसची बॅटरी संपली आणि यूएसबीतला रिसीव्हर तसाच राहिला तर लॅपटॉपला माऊस आहे असंच वाटत राहील, तेव्हा आधी रिसीव्हर काढा, हे जाता जाता सांगितलंत तेही उपयोगी पडलं. आईच्या माऊसची बॅटरी अलीकडेच संपली. मी घरी नव्हते. तिचं तिने निभावलं.

तुम्हाला हे कदाचित फार वाटणार नाही. पण आजारी माणसाच्या घरात राहिलं की एक गोष्ट सारखी दिसते. लोक त्या माणसाशी बोलणं हळूहळू बंद करतात आणि त्याच्या शेजारच्याशी बोलायला लागतात. औषध कधी घेतात, खुर्चीत बसू शकतात का, चहा चालतो का, सगळे प्रश्न माझ्याकडे. त्यात चांगली माणसंही असतात, मायेची असतात, आणि तरी त्यांचं हे होतं. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहून बोलला नाहीत. त्या खोलीत तो लॅपटॉप जिचा होता आणि अडचण जिची होती तिच्याशीच तुम्ही बोललात. मला वाटतं, माणुसकी म्हणजे मोठं मन वगैरे असण्याआधी हेच असतं, आणि ते शिकवून येतं की कुणाला उपजतच असतं, देव जाणे. तुमच्यात ते होतं. ज्यांनी तुम्हाला वाढवलं त्यांना माझा नमस्कार सांगा.

आईने ते काम परत पाठवलं नाही. सगळी पानं पहिल्यापासून पुन्हा वाचली, शिरलेल्या वेलांट्या एकेक करून काढल्या आणि वेळेत दिलं. आता दुसरं पुस्तक चालू आहे. तिच्या व्यायामाच्या गटात एक गृहस्थ आहेत, त्यांचं ईमेल लिहिताना असंच व्हायचं. आईने त्यांच्या शेजारी बसून त्यांचा अंगठा पाहिला. त्यांचाही टचपॅड आता बंद आहे.

हे पत्र तिने तपासून दिलं आहे आणि तुमच्यासाठी निरोप आहे. राउटर उत्तम चाललाय. पण पुन्हा या बाजूला आलात तर सवडीने या, कारण स्क्रीनवरची कर्सरची रेघ जाड कशी करायची हे तिला विचारायचंय आणि ते ती माझ्याकडून शिकणार नाही म्हणते.

तुमची आभारी,
आईची मुलगी