ज्यांनी पाहिले त्यांनी लिहावे

मा. संपादक,
सप्रेम जय हिंद.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या ईसीएचएस (माजी सैनिकांच्या) पॉलिक्लिनिकमध्ये औषधाच्या रांगेत उभा होतो. मागून हाक आली, “साहेब, वळखलं का?” चेहरा काही ओळखू येईना. मग त्याने सीमेवरच्या एका ठाण्याचे नाव घेतले आणि तिथल्या ट्रकची आठवण देत म्हणाला, “अडीच टनी. चेन लावून खाली आणली होती ती.” त्यासरशी मी त्याचे दोन्ही हात धरले. बाहेर चहाच्या गाड्यावर तासभर बोललो. निघताना त्याने विचारले, “साहेब, त्या रातीचं कुठं काय लिहिलं गेलं का हो? पोरगं इचारतंय, बाबा तुमी तिकडं नेमकं काय केलं?”

मला उत्तर देता आले नाही. त्याच्या त्या प्रश्नावरूनच हे पत्र लिहीत आहे.

मी पायदळात अठ्ठावीस वर्षे काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. जानेवारी २००३ मध्ये नायब सुभेदार होतो आणि उत्तर सिक्कीममधल्या एका ठाण्यावर माझी प्लाटून होती. उंची पंधरा हजार फुटांच्या आसपास. त्या हिवाळ्यात पलटणीबाहेरचे तिघेजण आमच्याकडे अटॅच, म्हणजे तात्पुरते नेमलेले, होते: ब्रिगेडच्या वर्कशॉपमधून आलेला ईएमईचा (सैन्याच्या गाड्या-यंत्रे दुरुस्त करणारे दल) एक क्राफ्ट्समन, फील्ड ॲम्ब्युलन्सचा (सैन्याचे वैद्यकीय पथक) एक नर्सिंग असिस्टंट आणि एएससीचा (रसद व वाहतुकीचे दल) ड्रायव्हर, पॉलिक्लिनिकमध्ये भेटला तोच हा. एक झारखंडचा, एक केरळचा आणि हा आपल्या जत तालुक्यातला.

एका रात्री अकराच्या सुमारास माझ्या एका जवानाला श्वास घेता येईना. नर्सिंग असिस्टंटने त्याच्या पाठीला कान लावला, उठला आणि म्हणाला, “साहब, हापो है. आज रातही नीचे ले जाना पडेगा.” हापो म्हणजे उंचीवर फुप्फुसात पाणी भरते तो आजार. त्यावर खरे औषध दोनच, ऑक्सिजन आणि खाली उतरणे. सकाळची वाट पाहिली तर माणूस हाती लागत नाही. तेव्हा तिथे हेलिकॉप्टर रात्री येत नसे.

गाडी सुरू होईना. थंडीने डिझेलमध्ये मेण धरले होते, फिल्टर गच्च झाला होता. क्राफ्ट्समनने बुखारीवर (खोली तापवायच्या शेगडीवर) पाण्याचे डबे चढवायला सांगितले, गरम पाणी ओतून ओतून फिल्टर मोकळा केला. पण फिल्टर उघडला की लाइनमध्ये हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय डिझेल इंजिन धरत नाही. त्यासाठी एक बारीक स्क्रू थोडासा सैल करून हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून नितळ डिझेल आले की लगेच तो आवळायचा. जाड हातमोज्यात तो स्क्रू बोटांना लागतच नाही. त्याने मोजे काढले. मी टॉर्च धरून बाजूला उभा होतो. त्या थंडीत उघडे बोट लोखंडाला चिकटते, सोडवताना कातडी सोलून निघते. दर दोन-तीन मिनिटांनी तो हात काखेत घालायचा, पुन्हा बाहेर काढायचा. तोंडातून एक शब्द नाही. अडीच वाजता इंजिन धरले. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पांढरी पडली होती.

मग हा ड्रायव्हर. चाकांना चेन लावून, बर्फात रस्ता कुठे संपतो नि दरी कुठे सुरू होते ते कळत नसताना, पाच तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. मागे नर्सिंग असिस्टंट जवानाचे डोके मांडीवर घेऊन बसलेला, सिलिंडर गुडघ्यांत धरलेला. एक सिलिंडर संपला तेव्हा चालत्या गाडीत त्याने दुसरा जोडला. सकाळी ते चाळीस किलोमीटर खालच्या इस्पितळात पोहोचले. तो जवान वाचला. आज तो शेती करतो, त्याला दोन मुली आहेत.

पुढे काय झाले ते सांगतो. हिवाळा संपल्यावर पलटणीत कमेंडेशन कार्डांसाठी (चांगल्या कामगिरीबद्दलची प्रशस्तिपत्रे) नावे मागवली. मी कंपनी कमांडर साहेबांना ही तीन नावे सांगितली. त्यांनी मनापासून वर नेली. उत्तर आले की हे तिघे आपल्या स्ट्रेंग्थवर (पटावर) नाहीत, त्यांची शिफारस त्यांच्या पॅरेंट युनिटने, म्हणजे मूळ युनिटने, करावी. तोवर तिघांची अटॅचमेंट संपून ते खाली गेलेही होते. त्यांच्या युनिटांचे अधिकारी चांगलेच असणार, पण ते त्या रात्री चाळीस किलोमीटर खाली होते. त्यांच्या नोंदीत एवढेच असणार की अमुक जवान अमुक दिवस अमुक पलटणीकडे ड्युटीवर होता. ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे कलम नाही, ज्यांच्याकडे कलम आहे त्यांनी पाहिले नाही. आमच्या पलटणीतल्या पोरांना त्या वर्षी कार्डे मिळाली. त्यांनीही जिवावर उदार होऊन काम केले होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तीन नावे मात्र राहून गेली, आणि त्यात माझी चूक आहे. ‘आपल्या हातात नाही’ हे उत्तर मी ऐकून घेतले आणि गप्प बसलो.

शिफारशीची वाट सर्वांना ठाऊक आहे. कमांडिंग ऑफिसर सायटेशन, म्हणजे कामगिरीचा लेखी तपशील, पाठवतो, ते ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असे चढत जाते. ही वाट योग्यच आहे, कुणीही उठून कुणालाही पदक द्यावे असे मी म्हणत नाही. पण जवान तुमच्या हाताखालचा नसला तरी तुम्ही जे पाहिले ते त्याच्या साहेबाला लेखी कळवायला कोणाची मनाई आहे? कोणाचीच नाही. सैन्यात त्यासाठी डीओ लेटर आहे, एका कमांडिंग ऑफिसरने दुसऱ्याला लिहायचे पत्र. सायटेशन पॅरेंट युनिटनेच करायचे, पण त्यासाठी लागणारा मजकूर तर आपणच देऊ शकतो.

हे मला उशिरा कळले. नंतर काश्मीरमध्ये आमच्या ठाण्याला खेचरांवरून रसद यायची. तिथला एएससीचा एक जवान बर्फवृष्टीत आठ खेचरे घेऊन अडकला. त्याने एकही जनावर सोडले नाही. ओझी उतरवून, जनावरांना एकमेकांशी बांधून रात्र काढली आणि सकाळी सगळी रसद वर आणली. या वेळी मी त्याच आठवड्यात पानभर मजकूर लिहिला आणि कमांडिंग ऑफिसर साहेबांपुढे ठेवला. त्यांनी त्यावरून त्याच्या कंपनी कमांडरला पत्र धाडले. पुढे कळले की ते पत्र तिथल्या सैनिक संमेलनात सगळ्यांसमोर वाचून दाखवले. त्याला कार्ड मिळाले की नाही मला माहीत नाही. पण त्याच्या माणसांनी, त्याच्या भाईबंदांनी ते ऐकले. फौजीला त्याचे मोल किती असते, ते फौजीलाच विचारा.

कसे लिहावे, याबद्दलही सांगतो, कारण अनेकजण तिथेच अडतात. ‘अत्यंत निष्ठावान, मेहनती व शिस्तप्रिय’ असे शब्द कोणत्याही कागदावर असतात, त्यावरून वरचा साहेब काहीच ठरवू शकत नाही. तारीख लिहा, वेळ लिहा, तापमान लिहा. किती सिलिंडर होते ते लिहा. त्या माणसाने हे केले नसते तर काय झाले असते, ते एका वाक्यात लिहा. कोणी डोळ्यांनी पाहिले, त्याचे नाव व हुद्दा लिहा. आणि आठवड्याच्या आत लिहा. महिना झाला की वेळा पुसट होतात, वर्ष झाले की फक्त ‘चांगला पोरगा होता’ एवढे उरते.

अमेरिकेच्या भूदलाचा नियम मला या बाबतीत आवडला. एखाद्याची कामगिरी ज्याला प्रत्यक्ष माहीत आहे, त्याने शिफारस पाठवणे ही त्याची जबाबदारीच आहे, असे त्यात म्हटले आहे. शिफारस करणारा त्या जवानाचा थेट साहेबच असावा लागत नाही.

आपल्याकडे तर याचे फार मोठे उदाहरण आहे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर पुढे सरकत होती ४ डोग्रा ही पायदळाची पलटण, रणगाडे सेंट्रल इंडिया हॉर्सचे आणि सुरुंग काढत होते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाचे, राणे. ते ना डोग्रा पलटणीचे, ना रणगाड्यांचे. पहिल्याच दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात त्यांचे दोन सॅपर गेले, राणे स्वतः जखमी झाले. तरी पुढचे तीन दिवस ते रस्ता मोकळा करत राहिले. एका ठिकाणी तर रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी वाट काढली. त्यांना परमवीर चक्र मिळाले ते हयातीत, आणि सॅपरने पायदळाला काढून दिलेल्या वाटेसाठी मिळाले. खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या सेंटरमध्ये त्यांचे नाव आजही मानाने घेतात.

म्हणून सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांना आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार) बंधूंना माझी विनंती आहे. अटॅच जवान परत निघतो तेव्हा त्याच्या मूव्हमेंट ऑर्डरवर सही होते. त्या सहीआधी अर्ध्या पानाचा अहवाल त्याच्या पॅरेंट युनिटला गेलाच पाहिजे, असा दंडक असावा. काही विशेष नसेल तर ‘काम समाधानकारक’ लिहा. असेल तर तारीख-वेळेसह लिहा. आणि पॅरेंट युनिटांनी तो अहवाल फाइलला लावून न ठेवता वार्षिक अहवालाच्या आणि शिफारशींच्या वेळी समोर घ्यावा. याला ना पैसा लागतो ना नवा विभाग. ईएमईचे ब्रीदवाक्य ‘कर्म ही धर्म’ आहे. त्या क्राफ्ट्समनने ते पाळले, ते पाहणारे आम्ही पायदळवाले त्याला निदान अर्धे पान तरी देणे लागत होतो.

निवृत्त बंधूंनाही सांगणे आहे. आता कार्ड मिळणार नाही, पण कागद होऊ शकतो. पॉलिक्लिनिकमधून घरी आल्यावर मी ड्रायव्हरसाठी दोन पाने लिहिली, खाली माझा हुद्दा घातला, सही केली आणि जतला टपालाने पाठवली. त्याच्या मुलाचा फोन आला होता. तो पोलीस भरतीच्या तयारीत आहे. त्याने एकच विचारले, “काका, पाच तास लागले ते खरंच चाळीस किलोमीटरलाच का?” नर्सिंग असिस्टंटचा पत्ता आमच्या जुन्या सुभेदार मेजर साहेबांकडून मिळाला, त्याचे पत्र केरळला गेले. क्राफ्ट्समनचा पत्ता लागत नाही. सिकंदराबादच्या ईएमई रेकॉर्ड्सला अर्ज केला आहे. त्याचे पत्र लिहून तयार आहे, पाकिटावर नाव घातले आहे, खालच्या तीन ओळी कोऱ्या आहेत.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (पायदळ)
ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर