फळ्यावरचे सात तलाव

लालबाग, मुंबई
दि. १२ जुलै

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास, "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे आलाय. रोज उठून तेच. कणीक, पोळ्या, भांडी." तुझा आवाज इतका थकलेला होता की मला काही सुचलं नाही. "होईल रे सवय," असं म्हणून मी फोन ठेवला आणि रात्रभर ते वाक्य मलाच टोचत राहिलं. म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचंय ते अक्षरांबद्दल आहे, कागदावरच बरं.

आमच्या चाळीच्या जिन्याखालचा काळा फळा आठवतो ना? तू त्याच्याखाली सायकल लावायचास. दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरींचा हात थरथरू लागला आणि फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे.' 'गच्चीचे दार लावून घ्यावे.' पहिले काही महिने मी ते नुसतं उरकलं.

मग एकदा पावसात खडू भिजला. टाकवेना, म्हणून तसाच लिहीत गेलो. ओलं असताना अक्षर दिसेचना. वाळल्यावर बघतो तर चुन्यासारखं पांढरंफेक, आणि बोट फिरवलं तरी सहजी पुसेना! दुसऱ्या दिवशी खडूचं टोक लादीवर तिरकं घासून पाहिलं. बोरूला छाट देतात तसं. एकाच फटकाऱ्यात जाड रेघ, बारीक रेघ. अरे, 'पाणी'तला 'ण' असा उतरला की मी दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

आपण शाळेत नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचो ते आठवलं. कमल शेडग्यांची अक्षरं. नाटक विनोदी की गंभीर, हे नुसत्या नावाच्या वळणावरून कळायचं. २०२०मध्ये ते गेले तेव्हा मी ती वही शोधली होती, सापडली नाही. आता फळ्यापुढे उभं राहिलं की ती वही डोळ्यांपुढे येते.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या जूनमध्ये पाणीकपातीची सूचना लिहीत होतो. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "कपात कपात लिहितोस, पण तलावात आहे किती ते सांग की." मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांचे आकडे पावसाळ्यात रोज पेपरात येतात. पण सातही भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या जवळपास, असला आकडा आजींना काय सांगणार? तेव्हा सुचलं. तलावांची नावं पोकळ अक्षरांत काढली आणि जितके टक्के पाणी, तितका निळा खडू खालून वर भरला. भातसा एकटाच जवळजवळ निम्मं पाणी साठवतो, म्हणून त्याचं नाव सगळ्यांत थोर. तुळशी सगळ्यांत लहान, म्हणून तो कोपऱ्यात. मध्ये तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि १८६० सालचा म्हातारा विहार.

आणि बंडू, आपली लिपी इथे काय कामाला आली म्हणून सांगू! आपलं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. म्हणजे तलावाचा काठ आयताच मिळाला. शिरोरेषेला निळं टेकलं की तलाव भरला. 'तुळशी' भरून वाहू लागला त्या दिवशी मी निळा खडू रेषेच्या वर नेला, थेट 'शी'च्या वेलांटीत. संध्याकाळी शाळेतून आलेली पोरं ओरडायला लागली, "काका, वेलांटीत पाणी आलं!" 'भातसा'ला रेषेवर काहीच नाही. तो भरला की पाणी कुठून सांडायचं, यावर पोरांचं अर्धा तास भांडण झालं. शेवटी कान्याच्या कडेने थेंब काढायचे ठरले. कामावरून येणारी माणसंही आता जिना चढण्याआधी क्षणभर थांबतात.

सकाळची वीस मिनिटं लागतात मला. त्या वीस मिनिटांसाठी मी आदल्या रात्रीपासून अधीर असतो.

तुला भांडी घासणं आवडून घे, असं मी म्हणणार नाही. मलाही आवडत नाही. पण पोळीचं तसं नाही रे. तुझी आई घडीची पोळी करायची तेव्हा खेळ सोडून तू ओट्याशी येऊन उभा राहायचास. तेलाचं बोट फिरवून, वर पीठ भुरभुरवून ती घडी कशी घालायची, हे तू मला मैदानावर रुमालाने करून दाखवलं होतंस. इतकं बारीक बघणाऱ्या मुलाला पोळीचा कंटाळा येईल, हे मला पटत नाही. कणीक किती वेळ मुरवतोस? तवा किती तापला की टाकतोस? वहिनींना पलंगावरून दिसेल असं बसव आणि विचारत जा. एखादी टम्म फुगली तर त्याच दिवशी मला फोन कर, मी वाट बघतोय.

खडू भिजत घातलाय, निघतो. तुमच्या नाशिककडे पाऊस कसा आहे ते नक्की कळव. अप्पर वैतरणा तुमच्याच जिल्ह्यातला, आणि त्याच्या 'वै'च्या दोन्ही मात्रा अजून कोऱ्या आहेत.

तुझाच,
दिनू