बाजारात ट्रॉली नेण्यापूर्वी

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे उपचार पूर्ण होईपर्यंत मला आणखी आठ-दहा दिवस येथेच राहावे लागणार असल्याने उन्हाळ कांद्याची ट्रॉली या खेपेस तुला एकट्यालाच लासलगावला न्यावी लागेल. फोनवर सांगितलेले तू 'हो, हो' म्हणून सोडून देतोस, म्हणून हे पत्र.

ट्रॅक्टर तू चांगला चालवतोस. परंतु नांगर ओढणे निराळे आणि भरलेली ट्रॉली ओढणे निराळे. आपला ट्रॅक्टर जेमतेम दोन टनांचा आणि कांद्याची ट्रॉली त्याच्या दुपटीहून जड. शिवाय तिला स्वतःचे ब्रेक नाहीत. तू ब्रेक दाबलास की ट्रॅक्टर थांबू पाहतो, पण ट्रॉली त्याला मागून रेटत राहते, आणि तो रेटा वळणावर तिरका लागला तर ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा होतो. शेतात वळण्यासाठी दोन ब्रेक पेडलांमधली पट्टी आपण काढून ठेवतो. रस्त्याला लागण्यापूर्वी ती आठवणीने लाव, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागेल.

तू लहान असताना डिझेल वाचवण्याच्या नादात मी एका उतारावर गिअर काढला होता. इंजिनाचा रोध सुटताच ट्रॉलीने जो वेग घेतला, तो शेवटी बांधाला धडकल्यावरच थांबला. (तुझ्या आईला मी टायर फुटल्याचे सांगितले होते, ते तसेच राहू दे.) उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाक आणि मध्येच क्लच दाबू नकोस. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळपास चौपट होते.

भरताना मजूर मागच्या फाळक्याकडून सुरुवात करतात, तेव्हा समोर उभा राहा. आपली ट्रॉली दोनचाकी आहे. वजन आसाच्या किंचित पुढे असेल तर ते ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते, मागे गेले तर दांडी वर उचलली जाते, चाके घसरतात आणि ट्रॉली शेपटीसारखी डोलू लागते. दांडी ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढपट्टीला, म्हणजे ड्रॉबारलाच जोड; ओढणीची जागा वर गेली की चढावर पुढची चाके उचलली जातात. पिनला लॉक घाल, साखळी लाव, आणि दोनेक किलोमीटर गेल्यावर उतरून पिन पुन्हा हाताने हलवून पाहा, कारण ती सैल झाली असेल तर तेवढ्यात कळते. दांडीवर कोणालाही बसू देऊ नकोस, मग तो तुझा मित्र का असेना.

मागे घेताना ट्रॉलीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचे असते. बाजार समितीच्या आवारात गर्दीत हे जमले नाही तर लाज न बाळगता एखाद्या जाणत्या ड्रायव्हरची मदत घे.

परतायला अंधार होईल. मागचे लाल रिफ्लेक्टर चिखलाने झाकले गेले आहेत. निघण्यापूर्वी ते पुसून घे. कांद्याला काय भाव मिळाला, ते संध्याकाळी कळव.

तुझा,
बाबा