घोड्याच्या चंदीआधी चाऱ्याचा हिशेब हवा

प्रति,
माननीय संपादक,
सादर नमस्कार.

मार्गशीर्षात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला, की एखाद्या देखण्या घोड्याची लाखांतली किंमत आणि त्याचा खुराक यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत हमखास येतात. रोजचे दूध, अंडी, साजूक तूप, बदाम अशी यादी कौतुकाने छापली जाते आणि ती वाचून पुणे जिल्ह्यातले काही हौशी मालकही आपल्या जनावराला तसाच खुराक सुरू करतात. पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत घोड्यांची वस्ती थोडीथोडकी नाही. अश्वपैदास फार्म आहेत, शर्यतीचे तबेले आहेत, घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्था आहेत, वरातीच्या घोड्या आहेत आणि अलीकडे फार्महाऊसवर हौसेने बांधलेले घोडेही आहेत. या जनावरांवर बरीच वर्षे उपचार केलेला निवृत्त पशुवैद्यक म्हणून माझे म्हणणे एवढेच, की चांगल्या घरच्या घोड्यांचे पुष्कळसे आजार उपासमारीतून येत नाहीत. ते चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवून चारा कमी केल्यामुळे येतात, आणि आपल्या बातम्यांत या चाऱ्याचा उल्लेखही नसतो.

घोडा गवत खाणारा असला तरी गाय-म्हशीसारखा रवंथ करणारा नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने फार लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहते, घोड्याने काही खाल्लेले असो वा नसो. हे आम्ल सौम्य करण्याचे काम लाळ करते. पण घोड्याची लाळ माणसासारखी अन्न पाहून सुटत नाही, ती प्रत्यक्ष चावतानाच सुटते. एक किलो वाळलेले गवत चावायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात, तर एक किलो ओट तो दहा मिनिटांत फस्त करतो. म्हणजे पोट भरण्यासाठी चाऱ्याऐवजी धान्य दिले, तर उष्मांक पुरे पडतात, परंतु चावणे आणि त्याबरोबर लाळ चौपटीने घटते. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून बचाव करणारे श्लेष्मल आवरण नसते, त्यामुळे तिथे व्रण पडतात. शर्यतीच्या सरावातल्या बहुतांश घोड्यांच्या जठरात असे व्रण आढळतात, हे दुर्बिणीने तपासणी सुरू झाल्यापासून जगभर सिद्ध झालेले आहे. असा घोडा चंदी अर्धी टाकतो, अंगाने भरत नाही, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला धावतो. आणि मालक त्याला नखरेल ठरवून चंदीत आणखी गूळ घालतो.

खरे पचन होते ते मागच्या बाजूला, अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात, जिथे अब्जावधी सूक्ष्मजीव चाऱ्यातला तंतू आंबवून घोड्याला ऊर्जा देतात. धान्यातला स्टार्च लहान आतड्यातच पचायला हवा. एका वेळी फार धान्य दिले, तर न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे लॅक्टिक आम्ल तयार होते, तंतू पचवणारे सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्यातून निघालेली विषे रक्तात जातात. याचा परिणाम कधी पोटशूळ म्हणून दिसतो, कधी लॅमिनायटिस म्हणून, म्हणजे खुराचे हाड आणि खुराचे कवच यांना जोडणाऱ्या पापुद्र्यांचा दाह म्हणून. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे जास्त झालेले अन्न बाहेर टाकण्याची वाट त्याला नाही. म्हणून एका वेळच्या चंदीतला स्टार्च वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास ठेवावा असे आता सांगितले जाते. साडेचारशे किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा साडेचारशे ग्रॅम स्टार्चची होते, आणि मक्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो, तेव्हा हिशेब वाचकांनीच करावा. त्यातही न शिजवलेल्या मक्याचा स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही. ओटचा त्याहून पुष्कळ चांगला पचतो.

दुधाबद्दलही लिहायला हवे. शिंगराला दूध पचते, कारण दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज त्याच्या आतड्यात असते. तीन-चार वर्षांच्या पुढे ते जवळजवळ उरत नाही. मोठ्या घोड्याला बादलीभर दूध पाजण्यात रुबाब असेल, पोषण नाही. तुपाला मात्र मी सरसकट नावे ठेवणार नाही, कारण हळूहळू सवय लावली तर घोडा स्निग्ध पदार्थ चांगले पचवतो आणि जास्त श्रमाच्या घोड्याला धान्य कमी करून थोडे तेल देणे योग्यही असते. फक्त त्यासाठी साजूक तुपाची गरज नाही, साधे खाद्यतेल पुरते.

आता आपल्या भागातल्या दोन सवयींबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण परदेशी पुस्तकांतले ओट आणि टिमोथी गवत इथल्या बहुसंख्य मालकांच्या दावणीला येतच नाही. पहिली सवय गव्हाच्या कोंड्याची. भिजवलेला कोंडा पोट साफ ठेवतो अशी समजूत असल्यामुळे तो रोज, पाट्या भरभरून दिला जातो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. घोड्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त, साधारण दीड ते दोन पट लागते. हा तोल दीर्घकाळ उलटा राहिला, की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, चेहऱ्याची हाडे मऊ होऊन फुगतात, दात हलतात आणि घोडा कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडतो. जुन्या काळी पिठाच्या गिरणीतल्या घोड्यांत हा आजार इतका नेहमीचा होता, की इंग्रजीत त्याला गिरणीवाल्यांच्या नावानेच ओळखत. दुसरी सवय संकरित नेपिअर गवताची. ते वर्षभर हिरवे राहते, गाई-म्हशींना चालते, म्हणून घोड्यांनाही तेच टाकले जाते. पण त्यातल्या ऑक्झलेट या घटकामुळे चाऱ्यातले कॅल्शियम बांधले जाते आणि घोड्याला ते मिळत नाही. भाताच्या पेंढ्यातही ऑक्झलेट असते. नेपिअर, पेंढा आणि वर कोंडा हे त्रिकूट एकत्र आले, तर हाडांचे नुकसान ठरलेलेच. यावर तोडगा महाग नाही. रोजच्या चाऱ्यात दोन-तीन किलो लसूणघास असला, तर कॅल्शियमची तूट बरीच भरून निघते आणि जठरातल्या आम्लालाही आवर बसतो. नुसत्याच लसूणघासावर घोडा ठेवणेही मात्र बरोबर नाही; त्याच्या जोडीला वाळलेले गवत किंवा चांगला, बुरशी न लागलेला कडबा हवाच.

कडब्याचा विषय निघाला की मालक भावाचे गाऱ्हाणे करतात, आणि ते खोटे नाही. एप्रिल-मे महिन्यांत शेकडा पेंड्यांचा दर असा चढतो, की छोट्या मालकाला पोतेभर चंदी घेणे सोपे वाटते. तरीही वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा कमी कोरडा चारा कोणत्याही घोड्याला देऊ नये, आणि शक्यतो तो दोन टक्के असावा. साडेचारशे किलोच्या घोड्यासाठी हे रोज सात ते नऊ किलो होते. हिरवी ज्वारी कोवळी असताना त्यावर घोडा चरायला सोडणे मात्र धोक्याचे आहे, कारण तिच्यातल्या सायनाइडयुक्त घटकांमुळे मूत्राशयाचा दाह आणि मागच्या पायांची लटपट होऊ शकते. आणि जूनमध्ये पाऊस पडून डोंगर हिरवे झाले, की वाळल्या चाऱ्यावरून एकदम हिरव्यावर जाण्याची घाई करू नये; सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पाण्याबद्दल एवढेच, की कोरडा चारा खाणाऱ्या घोड्याला रोज तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागते आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त, नाही तर चारा आतड्यात अडकतो.

चाऱ्याच्या कमतरतेचा दुसरा परिणाम पोटात दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरण्यात घालवतो. तबेल्यातल्या घोड्याला दोन वेळा चंदी मिळाली, की उरलेल्या वेळात करायला काहीच नसते. मग तो गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळतो, जागच्या जागी डुलतो, शेजारच्या घोड्याची शेपटी किंवा दावणीचे लाकूड खातो. बाजारात याला खोडी म्हणतात आणि खोडी घोडा कमी भावात जातो. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या तबेल्यांची पाहणी झाली, तेव्हा रोजचा चारा ६.८ किलोच्या खाली असेल तिथे अशा वर्तनाचा धोका जास्त आढळला. आपल्याकडे मात्र अशा घोड्याच्या गळ्यात पट्टा आवळतात, म्हणजे त्याला हवा गिळता येऊ नये. भूक तशीच राहते, फक्त तिची तक्रार बंद होते.

काही गोष्टींना तडजोड नाही. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते; त्या जनावरांना चालणारी ही मात्रा घोड्याच्या हृदयाला घातक ठरते आणि त्यावर उतारा नाही. बुरशी लागलेल्या मक्यातल्या विषाने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग वितळतो. एकाच छपराखाली कोंबड्या, गाई आणि घोडे ठेवणाऱ्या फार्महाऊसवाल्यांनी पोती निदान वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत.

पैदाशीच्या फार्मवरचे प्रश्न आणखी निराळे आहेत. गाभण घोडीच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाची बहुतेक वाढ होते, आणि विल्यानंतर दूध देताना तिची ऊर्जेची गरज जवळपास दुप्पट होते, म्हणून तेव्हा खुराक वाढवणे रास्तच आहे. पण शिंगरू लवकर मोठे दिसावे म्हणून त्याला भरमसाट चंदी घातली, तर सांध्यांची वाढ बिघडते. आपल्या भीमथडी तट्टांबद्दलही हेच म्हणेन. भीमेच्या खोऱ्यात अल्प चाऱ्यावर मराठ्यांच्या फौजा वाहणाऱ्या या काटक जातीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे; तिचे कौतुक म्हणून तिला थरोब्रेडचा खुराक घालू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचा उतारा ज्या घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनतो, त्यांचे रक्त ठरावीक काळाने काढले जाते आणि त्यांना प्रथिने व खनिजे जास्त लागतात, हेही सर्पदंशाच्या बातम्यांत कधी आलेले मी पाहिलेले नाही.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्यातील कलम ११ प्रमाणे मालकाने जनावराला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा गुन्हा आहे. परंतु पुरेसे म्हणजे काय, हे ठरवताना तपासणी करणारा माणूस गव्हाणीत काही आहे की नाही एवढेच पाहतो. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे ३.४ लाख उरल्याचे दिसले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. इतक्या थोड्या जनावरांसाठी वेगळा नियम करायला वेळ नाही, असे उत्तर मला एकदा मिळाले होते. माझ्या मते संख्या थोडी असल्यामुळेच हे काम सोपे आहे.

त्यासाठी नवा कायदा नको. घोडेस्वारी शिकवणाऱ्या आणि घोडे भाड्याने देणाऱ्या प्रत्येक संस्थेने चाऱ्याचा काटा ठेवावा आणि दर घोड्यामागे रोज किती किलो चारा दिला याची नोंदवही ठेवावी. पशुवैद्यकाच्या भेटीत ती दाखवली जावी. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यातच आहे आणि शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय फार दूर नाही. या दोघांनी मिळून कडबा, नेपिअर, लसूणघास, कोंडा, हरभरा, मका अशा इथल्या वैरणीवर आधारलेला घोड्यांच्या आहाराचा एक पानी तक्ता मराठीत तयार करावा आणि तो फेब्रुवारीच्या आत, म्हणजे कडबा महाग होण्यापूर्वी, तबेल्यांपर्यंत पोहोचवावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक,
पुणे