अष्टमीच्या आसपासचा शनिवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही येणार म्हटल्यापासून कुठे कुठे न्यायचं याची यादी लांबत चालली आहे. पण मोठ्या राजवाड्यांच्या आणि संग्रहालयांच्या आधी मला तुम्हाला रिचमंडला न्यायचं आहे, थेम्सच्या काठाने चालायला. त्याबद्दलच लिहिते आहे, कारण बाबा, दिवस तुम्हीच पंचांगातून काढायचा आहे.

रिचमंडचा दगडी पूल १७७७ सालचा. लंडनमधल्या थेम्सवर आज उभ्या असलेल्या पुलांमध्ये सगळ्यांत जुना. त्याच्या खालून काठाकाठाने वरच्या अंगाला एक पायवाट जाते. चढ नाही, पायऱ्या नाहीत. पूर्वी नावा ओढणारे घोडे याच वाटेने चालत, म्हणून ती सपाट आहे. उजवीकडे नदी, आणि थोडं पुढे डावीकडे पीटरशॅमचं कुरण. आई, उन्हाळ्यात तिथे गाई चरतात. एवढ्या मोठ्या शहरात नदीकाठी गाई! टेकडीवरून दिसणारा हा देखावा बिघडू नये म्हणून १९०२ साली पार्लमेंटने खास कायदा केला, म्हणून ते कुरण अजून कुरणच आहे.

पुलापासून हॅम हाऊस या १६१० सालच्या वाड्यापर्यंत साधारण दोन किलोमीटर. त्याला मी दोन तास धरले आहेत. बाबा, गुडघ्यासाठी थांबावं लागेल म्हणून तुम्ही आधीच ‘तुम्ही जा, मी बसतो’ म्हणाल, ते मला या वेळी चालणार नाही. वाटेत बाकं आहेत, आणि सईसुद्धा प्रत्येक बदकापाशी थांबतेच. आई, तू मात्र पुढे पुढे जायचं नाहीस.

आता भरतीचं. समुद्र इथून लांब, तरी भरतीचं पाणी या वाटेच्याही पुढे, टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत चढतं. ओहोटीला पात्र अगदी उघडं पडू नये म्हणून रिचमंडच्या खालच्या अंगाला १८९४ पासून दरवाजे आहेत, ते पाणी अडवून धरतात. पण उधाणाला कोण अडवणार? गेल्या वर्षी मी सईला ढकलगाडीत घालून एकटीच गेले होते. पौर्णिमा दोन दिवसांपूर्वी झालेली, दुपार कलली होती. पाणी आवाज न करता आलं. आधी वाटेवरच्या खळग्यांत चकाकलं, मग खळगे एकमेकांना मिळाले, आणि बघता बघता गाडीची पुढची चाकं निम्मी बुडाली. सईला कडेवर घेतलं, गाडी उलटी ओढत मागे आले. घाबरले होते. त्या वेळी मला दाभोळची आपली जेटी आठवली आणि तुमचं बोट धरून ऐकलेलं ‘तिथीची पाऊणपट’, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाला भरती, हे मी तिसरीत असताना तोंडपाठ म्हणायचे. इतकं येत असून पंचांग न बघता निघाले, याचं फार वाईट वाटलं.

इथे भरतीची वेळ आपल्यापेक्षा काही तास पुढे सरकते, ती मी इथल्या वेळापत्रकात बघीन. पण उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, चंद्राचेच. म्हणून जुलैतला अष्टमी-नवमीच्या जवळचा शनिवार तुम्ही कालनिर्णयात बघून ठेवा. भांगाचं पाणी सहसा वाटेवर चढत नाही.

हॅम हाऊसजवळून पलीकडे जायला लहानशी नाव आहे. ही नाव चालवायचा हक्क एका नावाड्याने वरिष्ठ सभागृहापर्यंत भांडून १९१५ साली मिळवला. धोपाव्याला तरीने जाताना तुम्ही मला कडेला बसवायचात, तसं सईला बसवा. पलीकडे मार्बल हिलच्या बागेत चहा मिळतो, स्वच्छतागृह आहे आणि स्टेशनकडे जायला बसही. त्या दिवशी नावेत चढणं नको वाटलं तर अलीकडूनही ६५ नंबरची बस आहे, तेव्हा काळजी करू नका. मधल्या वाटेत मात्र स्वच्छतागृहाची सोय धरू नये, स्टेशनवरच जाऊन घ्यायचं.

बूट नवे आणू नका, रोजचे सरावाचे आणा. आई, दशम्या केल्यास तर बाकावर बसून खाऊ, बाहेरचं काही घ्यायला नको.

बाबा, शनिवार सापडला की व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती तिथी पाठवा. तारीख मी लावून घेईन.

तुमची,
माई